आधी कोण आलं? लेड झेपेलिनचा शेवटचा अल्बम, पुन्हा एकदा

प्रश्न असा आहे: "मी गिटार वाजवतो, वय २४. लेड झेपेलिनचे स्टुडिओ अल्बम क्रमानं ऐकत 'इन थ्रू द आउट डोअर'पर्यंत आलो आणि अडखळलो. गिटार कुठे गेली? हे थकलेल्या बँडचं काम आहे, की माझं ऐकणं कमी पडतंय? आणि ऐकायचाच तर जुनी एलपी शोधू, की रीमास्टर चालेल?"

वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढा आहेस, तेव्हा अरेतुरे करतो. मी रेकॉर्डिस्ट. पस्तीसेक वर्षं मुंबईतल्या स्टुडिओंत काचेच्या अलीकडे बसून काढली. सिनेमाची गाणी केली, भक्तिगीतं केली, जाहिराती तर मोजल्याच नाहीत. रॉकमधला जाणकार म्हणून लिहीत नाहीये. एका टेपवर चार माणसांचे आवाज कसे चढतात आणि त्यात कोण कोणाला झाकतं, हे बघण्यात आयुष्य गेलं, त्या जोरावर लिहितोय.

थोडक्यात सांगायचं तर गिटार कुठेही गेलेली नाही. ती उशिरा आली, आणि तोवर खोली भरली होती.

आता सविस्तर.

१९७८चा नोव्हेंबर. स्टॉकहोममधला पोलार स्टुडिओ, म्हणजे ॲबा या स्वीडिश मंडळींचा स्वतःचा, त्याच वर्षी उघडलेला, कोरा करकरीत. लेड झेपेलिन या इंग्रज रॉक बँडची चौघं सोमवारी इंग्लंडहून विमानानं जायची आणि शुक्रवारी परतायची. आठवडाभर मुंबईत खोलीवर राहून शनिवार-रविवार घरी येणाऱ्या नोकरदारासारखं. तीनेक आठवड्यांत काम उरकलं. त्यातही चौघं एकत्र अशी फार कमी वेळ. बेस आणि कीबोर्ड वाजवणारा जॉन पॉल जोन्स आणि गायक रॉबर्ट प्लांट वेळेवर हजर असत. गिटारवाला जिमी पेज आणि ड्रमर जॉन बॉनम रात्री उगवत. एक हेरॉइनमध्ये अडकलेला, दुसरा दारूत. यात आता लपवण्यासारखं काही नाही. बँडमध्ये तेव्हा दोन गट पडले होते, हे जोन्सनं पुढे स्वतःच सांगितलंय.

जोन्सकडे त्या वर्षी नवं खेळणं होतं: यामाहाचा जीएक्स-१. खेळणं म्हणायचं आपलं, होता शेकडो किलो वजनाचा. एकावर एक तीन कीबोर्ड, खाली पायानं वाजवायच्या पट्ट्या, घरातल्या एखाद्या कपाटाएवढा ऐवज. जगात फार थोडे लोक तो बाळगून होते. स्टीव्ही वंडर त्यातला एक. एकाच वेळी अनेक सूर धरू शकणारा सिंथेसायझर तेव्हा दुर्मीळ होता. आता असं यंत्र हाताशी असलेला हुशार वादक सकाळी स्टुडिओत आहे, शेजारी गायक आहे आणि गिटारवाला रात्री येणार आहे. अशा वेळी काय होईल? गाणी कीबोर्डवर बांधली जातील. तशीच ती बांधली गेली. सातच्या सात गाण्यांत कुठे ना कुठे पियानो नाहीतर सिंथेसायझर आहे. याच्या उलट आधीचा अल्बम, १९७६चा 'प्रेझेन्स', म्युनिकमध्ये अठराएक दिवसांत झालेला. त्यात कीबोर्ड औषधालाही नाही. पेजनं गिटारचे थरावर थर चढवलेत. चार माणसं तीच, मधली वर्षं जेमतेम तीन. फरक एवढाच की एका वेळी गाडी पेजनं हाकली, दुसऱ्या वेळी जोन्सनं.

आमच्या धंद्यात हा अनुभव रोजचा. एका चित्रपटाचं शीर्षकगीत मी रेकॉर्ड करत होतो. संयोजक सकाळी नऊला आला आणि त्यानं कीबोर्डवर स्ट्रिंगचे पॅड, म्हणजे लांब धरलेल्या सुरांचे थर, भरायला घेतले. एक थर झाला, दोन झाले, दुपारपर्यंत पाच. ऐकायला श्रीमंत वाटत होतं. संध्याकाळी बासरीवाले आले, हेडफोन लावला, अर्धा अंतरा ऐकला आणि हेडफोन काढून शांतपणे म्हणाले, "मला जागाच कुठे ठेवलीत?" जागा हा आपल्या संगीतातला मोठा गोड शब्द आहे. गायक जागा घेतो, घेण्यासाठी ती आधी मोकळी असावी लागते. विजेच्या गिटारचं मुख्य अंग साधारण दोनशे हर्ट्झपासून चार-पाच हजार हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात असतं. सिंथेसायझरचा पॅड नेमका तिथेच पसरतो, माणसाचा आवाजही तिथलाच. एकाच बाकावर तिघांना बसवलं की शेवटी आलेला उभाच राहतो.

म्हणून तुझ्या कानाला गिटार गायब वाटते. ती आहे, पण वाजतेय उभ्यानं.

मधल्या तीन वर्षांचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय या अल्बमचा सूर लागत नाही. १९७५च्या ऑगस्टमध्ये ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या मोटारीला अपघात झाला. 'प्रेझेन्स' तो चाकाच्या खुर्चीतून गायला. करांच्या कटकटीपायी ही मंडळी आधीच मायदेशाबाहेर राहू लागली होती. मग १९७७चा अमेरिका दौरा. २४ जुलैला ओकलंडचा कार्यक्रम झाला आणि २६ तारखेला न्यू ऑर्लिन्समध्ये प्लांटला फोन आला: त्याचा पाच वर्षांचा मुलगा आजारपणात गेला. दौरा तिथेच थांबला. वर्षभर बँड आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मे १९७८मध्ये क्लीअरवेल कॅसल नावाच्या एका जुन्या वाड्यात चौघं पुन्हा एकत्र बसली, नुसती वाजवून बघायला. दरम्यान इंग्लंडमध्ये पंकवाल्यांनी धुमाकूळ घातला होता. तीन सूर, अडीच मिनिटं, विषय संपला. दहा मिनिटांची गाणी करणारे हे लोक त्यांना संस्थानिक वाटायचे. अल्बमचं नाव तिथून आलंय: बाहेर जायच्या दारानं आत शिरायचं, म्हणजे सगळ्यात अवघड वाटेनं परत यायचं.

मी तो पहिल्यांदा ऐकला १९८०च्या पावसाळ्यात. आमच्या चाळीतला एक दादा बोटीवर होता, त्यानं आणलेली एलपी. हिप्नोसिस या डिझाइनवाल्यांनी हा अल्बम तपकिरी कागदाच्या पिशवीत घालून विकला होता, अगदी वाण्याच्या दुकानातल्यासारख्या. आत एका बारमधल्या प्रसंगाचं छायाचित्र, पांढऱ्या सुटातला माणूस चिठ्ठी जाळतोय. आणि तोच प्रसंग बारमधल्या वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून टिपलेली सहा निरनिराळी आवरणं. पिशवीमुळे आपल्याला कुठलं मिळालंय ते घरी जाऊन उघडल्याशिवाय कळायचं नाही. दादाच्या आईला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिनं त्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा भरून फडताळात ठेवल्या होत्या. आज ती पिशवी धड असती तर संग्राहकानं बरे पैसे मोजले असते. आतल्या कागदी पाकिटावरच्या काळ्या-पांढऱ्या चित्राला पाणी लावलं की रंग फुटायचे, हे तर मला फार वर्षांनी कळलं. आमच्या चाळीत जुलैच्या ओलीनंच ते रंगलं असतं म्हणा.

एलपी मागून नेणं शक्य नव्हतं. दादाच्याच डेकवर मी ती ९० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर उतरवून घेतली. अल्बम साडेबेचाळीस मिनिटांचा, कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. बसायला हवा होता, बसला नाही. शेवटचं गाणं संपायच्या आत टेप संपली. पुढे या धंद्यात आल्यावर गणित उलगडलं: तो डेक रेकॉर्ड करताना सहा-सात टक्के जलद पळत होता. माझ्या नीट चालणाऱ्या प्लेअरवर मग सगळी गाणी अर्धी पट्टी खाली उतरलेली आणि थोडी संथ. मी वर्षानुवर्षं हा अल्बम एका जड, पेंगुळलेल्या आवाजात ऐकत होतो आणि समीक्षक त्याला थकलेला म्हणतात ते बरोबर आहे असं समजत होतो! खरी एलपी ऐकली तेव्हा क्षणभर वाटलं, हिचीच गती चुकलीय.

आता गाण्यांकडे. सगळी सारख्या तोलाची नाहीत, तेव्हा सारखा वेळही देत नाही.

'इन द इव्हनिंग'चा आरंभ हेडफोन लावून ऐक. जवळजवळ मिनिटभर नुसता गुंजारव आहे, तंबोरा लागल्यासारखा, पण आजारी तंबोरा. तो सिंथेसायझर आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यात पेजची गिटार आहे. गिझमोट्रॉन नावाचं एक उपकरण, १०सीसी बँडच्या गॉडली आणि क्रीम यांनी शोधलेलं. गिटारच्या तारांवर ते बसवलं की छोटी फिरती चाकं तार सतत घासत राहतात, आणि गिटार गजानं वाजवल्यासारखी लांबते. म्हणजे सगळ्यात कीबोर्डसारखा वाटणारा आवाज या अल्बममध्ये गिटारचा आहे. पुढे सोलो सुरू होताना दार आपटल्यासारखा एक आवाज येतो, गिटारच्या तारा सैल-ताठ करणाऱ्या ट्रेमोलो दांडीचा आणि तिच्या स्प्रिंगांचा. दुसऱ्या कुणी तो दोष म्हणून पुसला असता. पेजनं ठेवला, आणि तोच त्या सोलोचा पहिला सूर ठरला. हा माणूस थकला होता असं मला कुणी सांगू नये. थकला असेल तो खोलीबाहेर.

'साउथ बाउंड सुआरेझ' आणि 'हॉट डॉग' ही गंमत आहे. पहिल्यात न्यू ऑर्लिन्सच्या वळणाचा पियानो मस्त डोलतो आणि पेजच्या सोलोत बोटं चक्क घसरतात. दुसरं म्हणजे अमेरिकी खेडवळ गाण्याची नक्कल. एकदा ऐकून पुढे जा.

'फूल इन द रेन'वर मात्र थांब, गिटार खाली ठेव आणि मांडीवर टाळी दे. बॉनम इथे जो ठेका वाजवतो त्याला हाफ-टाइम शफल म्हणतात. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे, तिस्र अंगानं. हाय-हॅट, म्हणजे पायानं उघडमिट करायची झांजांची जोडी, पहिला आणि तिसरा तुकडा वाजवतं, मधला सोडतं. स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा खणखणीत ठोका साध्या ठेक्यासारखा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर न येता एकटा तिसऱ्यावर पडतो, त्यामुळे गती तीच असून चाल अर्धी वाटते. खरी जादू सुटलेल्या मधल्या तुकड्यात आहे. तिथे डावा हात स्नेअरवर इतके दबके ठोके देतो की ते ऐकू येण्याऐवजी जाणवतात. डग्ग्यावर बोटं नुसती फिरवून तबलजी लय भरत राहतो ना, तसं. वर ठरावीक ठिकाणी हाय-हॅट किंचित उघडून लगेच मिटतं. हा ठेका मुळात बर्नार्ड पर्डी या न्यूयॉर्कच्या ड्रमरच्या नावानं ओळखला जातो. स्टीली डॅन या बँडच्या १९७७च्या 'होम ॲट लास्ट'मध्ये त्यानं तो वाजवलाय. बॉनमनं त्याला आपलं वजन दिलं. पुढे टोटो या बँडचा ड्रमर जेफ पोर्कारो यानं १९८२च्या 'रोझाना'चा ठेका बांधताना पर्डी आणि हे गाणं अशा दोघांचं ऋण उघड मान्य केलं. आज जगभरच्या ड्रमरांना या ठेक्यांचा अभ्यास करावाच लागतो. ज्याला संपलेल्या बँडचा अल्बम म्हणतात, त्यातला एक ठेका पाठ्यपुस्तकात जाऊन बसलाय.

आणि मग मध्येच शिट्टी वाजते, गाणं उडी मारून सांबा या ब्राझीलच्या नाचाच्या तालात शिरतं. १९७८ची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा अर्जेंटिनात झाली होती, तिथल्या वातावरणाचा हा परिणाम असं सांगतात. मला त्या उडीपेक्षा परत येणं आवडतं. दीडएक मिनिट धुडगूस घालून बॉनम जुन्या ठेक्यावर असा उतरतो की जणू तो आत कुठेतरी चालूच होता. लगेच पेजचा सोलो, दोन सप्तकं खालचा घोगरा सूर जोडणाऱ्या पेडलमधून, अगदी भोंग्यासारखा. मला तो आवडायला दहा वर्षं लागली. तुला आजच आवडायला हवा असं नाही.

दुसरी बाजू 'कॅरूसेलांब्रा'नं सुरू होते. साडेदहा मिनिटं. तू अडखळलास ते बहुधा इथेच. माझ्या मते हे अल्बममधलं सर्वांत मोठ्या आवाक्याचं गाणं आहे, आणि मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची एकत्र जुळणी, तीही सर्वांत वाईट. सिंथेसायझर भिंतीसारखा उभा, बेस त्याच्या मागे पळतोय, आणि प्लांट इतका आत गाडलेला की शब्द लागत नाहीत. अल्बमचा निर्माता म्हणून नाव एकट्या पेजचं आहे, म्हणजे आवाज कुठे ठेवायचा हा निर्णयही त्याचाच. माझ्याकडे कुणी शिकाऊ पोरानं असा मिक्स आणला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता. पण साधारण चौथ्या मिनिटानंतर चाल संथ होते, जोन्स जरा मागे सरतो आणि पेजची दोन मानांची गिटार पुढे येते. पहिल्यांदाच खोलीत हवा खेळते. तेवढी तीन मिनिटं सुटी करून ऐक. त्यानंतरचा तिसरा भाग तर पुढच्या दशकातल्या नाचाच्या संगीताकडे तोंड करून उभा आहे. १९७८ साली हार्ड रॉक बँड हे वाजवत होता.

'ऑल माय लव्ह' प्लांटनं गेलेल्या मुलासाठी लिहिलं. श्रेयात जोन्स आणि प्लांट, पेजचं नाव नाही. हे गाणं मऊ झालं अशी कुरकुर पेजनं आणि बॉनमनं तेव्हाच केली होती; पेज नंतरच्या मुलाखतींतही तसंच म्हणत राहिला. एका अंगानं त्याचं खरं आहे. मधला सिंथेसायझरचा सोलो जुन्या युरोपी दरबारी तुतारीसारखा आहे, सुरेख पण थोडा शिष्ट. पण गायकाचा गळा ऐक. दहा वर्षं किंचाळून ज्यानं नाव कमावलं तो इथे आवाज चढवतच नाही. शेवटी पट्टी वर चढते तरी हा आपला ओट्यावर बसून बोलल्यासारखा. ज्या माणसानं असं गाणं आवडत नसताना अल्बममध्ये राहू दिलं, त्या पेजला मी मानतो. निर्माता म्हणून त्याला ते उडवता आलं असतं.

शेवटचं 'आयम गॉना क्रॉल'. साठच्या दशकातल्या अमेरिकी सोल गाण्यांच्या धाटणीचं, संथ, सिंथेसायझरच्या स्ट्रिंगांवर बांधलेलं. माझ्या कॅसेटवर तुटणारं ते हेच.

आता युग संपल्याचं. अल्बम खरं तर ऑगस्ट १९७९मधल्या इंग्लंडातल्या नेबवर्थच्या दोन जाहीर कार्यक्रमांआधी यायचा होता, आला नंतर. समीक्षकांनी धोपटला. लोकांनी मात्र अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर ठेवला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या यादीत झेपेलिनचे तोवरचे नऊच्या नऊ अल्बम एकाच वेळी होते. कोसळणाऱ्या बँडची ही लक्षणं नव्हेत. १९८०च्या जून-जुलैमध्ये त्यांनी युरोपचा आटोपशीर दौरा केला. लांबलचक एकट्या-एकट्याची वादनं कमी केली, आणि सुरुवात 'ट्रेन केप्ट अ-रोलिन'नं, म्हणजे १९६८मध्ये चौघांनी पहिल्यांदा एकत्र बसून जे वाजवलं होतं त्याच गाण्यानं. ७ जुलैला बर्लिनमध्ये दौरा संपला. पुढचा अल्बम गिटारचा आणि कणखर करायचा असं पेज आणि बॉनमचं बोलणं झालं होतं. २५ सप्टेंबरला पेजच्या घरी बॉनम झोपेत गेला, अतिमद्यपानानं. वय ३२. ४ डिसेंबरला बँडनं आपण थांबतोय असं कळवलं.

म्हणून मला हा 'अखेरचा' शब्द खटकतो. टेपवर अखेर नाहीये. हा चौघांतल्या दोघांनी रेटलेला एक फेरा आहे, पुढचा फेरा दुसऱ्या दोघांचा असणार होता. आपण मागून ऐकतो म्हणून आपल्याला त्यात मरण ऐकू येतं. याच सत्रांत रेकॉर्ड झालेलं आणि जागेअभावी राहिलेलं 'वेअरिंग अँड टेअरिंग' १९८२च्या 'कोडा'त आलंय, ते लाव. पंकवाल्यांना दाखवतो कसं पळायचं ते, अशा आवेशात वाजवलंय. एलपीच्या एका बाजूला बावीसेक मिनिटं म्हणजे भरपूर झालं; त्यापुढे खाच उथळ करावी लागते आणि आवाज बारीक होतो. 'हॉट डॉग'ऐवजी हे घेतलं असतं तर तू आज मला हा प्रश्न विचारलाच नसतास, असं मला राहून राहून वाटतं.

युग मात्र खरंच बदललं, त्यांच्या शेजारून आणि त्यांच्याशिवाय. डीप पर्पल हा बँड १९७६मध्येच फुटला होता. ब्लॅक सॅबथनं १९७९मध्ये आपल्या गायकाला, ऑझीला, काढलं आणि १९८०मध्ये डिओला घेऊन 'हेवन अँड हेल' केला. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८०मध्ये गेला आणि जुलैत 'बॅक इन ब्लॅक' आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयर्न मेडनचा पहिला अल्बम. ब्लूजची नाळ असलेलं जड संगीत मागे पडलं, ताठ आणि वेगवान असं नवं आलं. गंमत म्हणजे जोन्सनं केलेला सिंथेसायझरचा 'गुन्हा' चारच वर्षांत सगळ्यांनी केला. व्हॅन हेलेनचं 'जम्प' हे १९८४च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकाकडे निघालेलं गाणं कशावर उभं आहे, ते तुला सांगायला नको.

या अल्बमला घरच्यांनीही फारसं जवळ केलं नाही. १० डिसेंबर २००७ला लंडनच्या ओ-टू या सभागृहात बॉनमच्या मुलाला ड्रमवर बसवून तिघं वाजवायला आले, तर यातलं एकही गाणं घेतलं नाही. 'प्रेझेन्स'मधलं आधी कधीच मंचावर न वाजलेलं गाणं घेतलं, पण हे नाही. जोन्सला काय वाटलं असेल?

आता तुझा शेवटचा प्रश्न, एलपी की रीमास्टर. २०१५मध्ये पेजच्या देखरेखीखाली रीमास्टर निघाला, तो चांगला आहे. खालचा आवाज भरलेला, झांजा कमी बोचऱ्या. पण अपेक्षा माफक ठेव. रीमास्टर म्हणजे तयार झालेल्या दोन ट्रॅकच्या मिक्सवर हात फिरवणं. भेळ कालवल्यावर वरून शेव टाकता येते, लिंबू पिळता येतं, आतला कांदा मात्र वेगळा काढता येत नाही. 'कॅरूसेलांब्रा'तला प्लांट रीमास्टरमध्येही तिथेच गाडलेला आहे. जुन्या एलपीचा हट्ट धरू नकोस. आपल्याकडे मिळतात त्यातल्या बहुतेक घासलेल्या असतात, आणि बाजूचं शेवटचं गाणं आतल्या लहान वर्तुळात पडल्यामुळे गळ्याचे चढे सूर फाटतात. नेमकं 'क्रॉल'चं नुकसान होतं.

त्यापेक्षा २०१५च्या संचातली जोडतबकडी ऐक. त्यात याच सात गाण्यांचे कच्चे मिक्स आहेत, स्टुडिओतल्या कामचलाऊ नावांसकट: 'कॅरूसेलांब्रा'चं नाव 'द एपिक', 'ऑल माय लव्ह'चं 'द हुक'. पक्क्या मिक्सच्या शेजारी ठेवलंस तर नंतर काय पुढे आलं आणि काय मागे ढकललं गेलं ते तुझं तुलाच कळेल. आणि त्याच दिवशी निघालेल्या 'कोडा'च्या संचात एक वेगळी चीज आहे. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये पेज आणि प्लांट आपल्या मुंबईत आले होते, कुलाब्यातल्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमध्ये वाजवूनही गेले. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड केली, ती ४३ वर्षं डब्यात पडून होती. ते 'फ्रेंड्स' ऐकल्यावर मग 'इन द इव्हनिंग'चा तो आजारी तंबोरा लाव.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, एवढं पाळ. त्यावर बेस आणि पायानं वाजवायचा मोठा ड्रम येतच नाहीत, उरतो नुसता सिंथेसायझर, आणि मग तू पुन्हा विचारशील, गिटार कुठे गेली म्हणून. क्रमही बदल. आधी 'वेअरिंग अँड टेअरिंग', मग 'फूल इन द रेन', मग 'कॅरूसेलांब्रा'चा मधला भाग, आणि त्यानंतर सगळा अल्बम सलग. 'क्रॉल'ला पोचलास की शेवटपर्यंत थांब. माझ्या वाट्याला ते शेवटचं अर्धं मिनिट फार उशिरा आलं.